मंडळीचा मदतनिधी कसा उभारावा : पौलाच्या वर्गणीची रीत

ख्रिस्ताचा प्रेषित पौल म्हटला की दिमिष्काच्या वाटेवरचा प्रकाश आठवतो, तुरुंगातली पत्रे आठवतात. पण साधारण इ.स. ५३ ते ५७ या काळात, इफिस, मासेदोनिया आणि करिंथ अशा त्याच्या फेऱ्या चालल्या होत्या तेव्हा, त्याच्या डोक्यात सतत एक वर्गणी घोळत होती. यरुशलेमेतल्या गरीब ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांच्या, मंडळ्यांकडून (स्थानिक चर्चांकडून) जमवायची ती मदत. बायबलमधल्या, त्याने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन्ही अध्याय, मिळून ३९ वचने, निव्वळ याच विषयावर आहेत. त्यांवर प्रवचने पुष्कळ होतात, बहुधा दशमांशाच्या, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्याच्या, रविवारी. गंमत अशी की दशमांशाचा उल्लेख त्या ३९ वचनांत कुठेच नाही. आहे ती पैसे मागण्याची, सांभाळण्याची आणि पोचवण्याची चोख रीत. आपण प्रामाणिक आहोत अशी नुसती ग्वाही देऊन पौल थांबत नाही. पैशाला एकट्याचा हात लागणारच नाही, अशी व्यवस्था तो करतो.

ती रीत आजच्या मंडळीत कशी बसवायची, ते पुढे दिले आहे. सोयीसाठी एक नमुना धरू: साधारण ६० कुटुंबांची मंडळी, एक पाळक, एक पंच कमिटी, आणि पुरात घरांचे नुकसान झालेली दुसऱ्या गावची मंडळी.

आधी गरज लिहून काढा

पौलाच्या वर्गणीला आधीचा दाखला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ११: अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळाचे भाकीत केले, तो दुष्काळ रोमी सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत (इ.स. ४१ ते ५४) पडला, आणि अंत्युखियातल्या शिष्यांनी ऐपतीप्रमाणे मदत जमवून बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यहूदीयातल्या वडिलांकडे पाठवली. कोणासाठी, कशासाठी, कोणाच्या हातून, कोणाच्या ताब्यात, चारही गोष्टी तिथे ठरलेल्या दिसतात. पुढच्या मोठ्या वर्गणीतही तसेच. रोमकरांना तर पौल कारणसुद्धा सांगतो: परराष्ट्रीयांना यरुशलेमकरांच्या आध्यात्मिक ठेव्यात वाटा मिळाला, तेव्हा ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणे हे यांचे देणे लागते.

आपल्याकडे गाडी इथेच घसरते. ‘मिशन फंड’, ‘विकास निधी’, ‘देवाच्या कार्यासाठी’ अशा नावाखाली थैली फिरते आणि वर्षभराने तो पैसा कशाचा होता हेच कोणाला आठवत नाही. म्हणून पहिली रविवारची घोषणा होण्याआधी एक पानभर मजकूर तयार करा. त्यात मंडळीचे नाव, किती घरे, काय लागणार, एकूण रक्कम, शेवटची तारीख आणि कोण पोचवणार हे असू द्या. आपल्या नमुन्यात १२ घरांच्या छपराचे पत्रे, प्रत्येकी ५,००० रुपये, एकूण ६०,००० रुपये. मुदत २० आठवडे. रक्कम जास्त जमली तर तिचे काय करायचे तेही याच पानावर लिहा. नंतर ठरवू म्हणाल तर त्यावरून भांडणे होतात.

हे पान लिहिण्याआधी त्या गावच्या पंचांना फोन करा. त्यांना पत्रे हवे असतात आणि आपण जुने कपडे पाठवतो, असे फार वेळा होते. पुरानंतर कोरडे राहिलेल्या एकुलत्या एका खोलीत दुसऱ्यांच्या साड्यांची गाठोडी रचून ठेवायची वेळ त्यांच्यावर येते.

दर रविवारी, आपापल्या घरी

करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १६, वचन २. या एका वचनात अख्खी पद्धत आहे. कधी? आठवड्याच्या पहिल्या दिवशी. कोणी? प्रत्येकाने, म्हणजे केवळ बड्या दोन-चार घरांनी नव्हे. कुठे? आपणाजवळ, घरी. किती? जशी मिळकत असेल त्या मानाने. आणि लगेच कारणही दिले आहे: मी येईन तेव्हा वर्गण्या होऊ नयेत.

या कारणाकडे नीट पाहा. समोर प्रेषित उभा आहे, सगळ्यांची मने भरून आली आहेत, अशा वेळी थैली फिरली असती तर पैसा नक्कीच जास्त आला असता. पौलाला नेमके तेच नको होते. आपल्या कन्व्हेन्शनच्या शेवटच्या रात्री काय चालते ते आठवा: पाहुणे वक्ते, मागे हळू वाजणारा कीबोर्ड, आणि ‘दहा हजार देणारे पाच जण हात वर करा’. त्यातले निम्मे हात सोमवारी खाली आलेले असतात, आणि उरलेल्यांतल्या काहींनी घरात न विचारता वर केलेले असतात.

करायचे ते असे. प्रत्येक कुटुंबाला एक डबा किंवा जाड पाकीट द्या. त्यावर निधीचे नाव आणि २० रविवारांच्या २० चौकोनांचा तक्ता चिकटवा. चौकोनात रक्कम लिहायची नाही, फक्त खूण करायची. सरासरी ५० रुपये धरले तर ६० कुटुंबे गुणिले २० आठवडे, ६०,००० होतात. पण ही सरासरी फळ्यावर लिहू नका. लिहिली की ती पट्टी होते. ज्याला ५०० जमतात तो ५० वर थांबतो, आणि ज्याला १० जमतात तो उपासनेला यायचे टाळतो.

शेतमजूर, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बाया यांची मिळकत आठवड्यागणिक बदलते. पौलाची आठवड्याची रीत त्यांना मासिक वर्गणीपेक्षा जास्त सोयीची पडते. ज्या आठवड्यात काम मिळाले त्या आठवड्यात टाकायचे, नाही मिळाले तर चौकोन रिकामा. रिकाम्या चौकोनाची थकबाकी धरायची नाही. मनाची तयारी असली म्हणजे जवळ असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे, असे दुसऱ्या पत्राच्या ८:१२ मध्ये (आठवा अध्याय, बारावे वचन) स्पष्ट आहे. कर्ज काढून दिलेल्या देणगीची फुशारकी मंडळीत मिरवली जाते तेव्हा हे वचन वाचून दाखवायला हरकत नाही.

घरच्या डब्याचे एक दुखणे आहे. पाच-सहा आठवड्यांनी गॅसची टाकी संपते, शाळेची फी निघते, आणि डबा उघडला जातो. हे पाप म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. दर चौथ्या रविवारी डबे आणून रिकामे करायची सोय ठेवा. म्हणजे घरात कधीही चार आठवड्यांहून जास्त रक्कम साठत नाही आणि मोहही साठत नाही.

देणाऱ्यांच्या नावांचे काय? त्या ३९ वचनांत एकाही देणगीदाराचे नाव नाही आणि एकही रक्कम नाही. पौल कौतुक करतो ते मासेदोनियातल्या मंडळ्यांचे, तेही त्यांच्या कमालीच्या गरिबीसकट. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावापुढे आकडा टाकण्याची सवय असेल तर या निधीपुरती तरी ती बंद करा. पावती ज्याची त्याला, एकूण बेरीज सगळ्यांना.

वर्गणी मध्येच थंडावली तर

करिंथकरांनी आदल्या वर्षी मोठ्या हौसेने सुरुवात केली आणि मग गाडी अडकली. कारण गरिबी नव्हते. मधल्या काळात पौलाचे आणि त्यांचे बिनसले होते. त्याची एक भेट दुःखाची झाली, मग त्याने अश्रू ढाळीत पत्र लिहिले. शिवाय कुजबुज होती: हा स्वतः आपल्याकडून काही घेत नाही, पण माणसे पाठवून युक्तीने काढतो. दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात या आरोपाला त्याने थेट उत्तर दिले आहे: मी पाठवलेल्यांपैकी कोणी तुमच्यापासून काही उपटले का? तीताने (पौलाच्या सहकाऱ्याने) उपटले का?

आता अध्यायांचा क्रम पाहा. सातव्यात तीत समेटाची बातमी घेऊन येतो, मने जुळतात, आणि त्यानंतरच आठव्यात पैशाचा विषय निघतो. दहाव्या आठवड्याला तुमची रक्कम निम्म्याच्या बरीच खाली असेल तर ‘देण्याविषयी’ आणखी एक प्रवचन ठेवू नका. पंचांपैकी दोघांनी घरोघर जाऊन, पैशाचा विषय न काढता, लोक काय बोलताहेत ते ऐकावे. बहुतेक वेळा काहीतरी जुने निघते: मागच्या नाताळाचा हिशोब मांडला नव्हता, मंडपाचे बिल कोणी पाहिले नव्हते, स्पीकर कोणाच्या मेव्हण्याकडून घेतला होता. तो हिशोब आधी मांडा. तो मांडल्याशिवाय नवा निधी हलत नाही.

पौलाने आणखी एक युक्ती वापरली, तिची नक्कल जपून करावी. मासेदोनियाकरांना त्याने अखयाच्या, म्हणजे करिंथ ज्या प्रांतात होते त्याच्या, तयारीचे सांगितले आणि करिंथकरांना मासेदोनियाच्या दातृत्वाचे. मग तोच पेचात पडला: मासेदोनियाकर बरोबर आले आणि तुमची तयारी नसली तर आमची फजिती होईल, तुमचे तर सोडाच, असे तो ९:४ मध्ये लिहितो. म्हणून त्याने बंधूंना पुढे पाठवले, मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही असेही ८:८ मध्ये आधीच म्हणून ठेवले. दुसऱ्या मंडळीचे उदाहरण एकदा द्यावे. एकाच मंडळीतल्या दोन वस्त्यांची किंवा महिला मंडळ आणि तरुण संघ यांची चुरस मात्र लावू नये. निधी पूर्ण होतो, पण कोण किती मागे पडले ते लोक पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरत नाहीत.

पैसा कोणाच्या हातात

यरुशलेमेकडे जाणाऱ्या पैशावर त्या काळी अनेकांचा डोळा असे. इ.स.पूर्व ६२ मध्ये आसिया प्रांताचा रोमी सुभेदार फ्लाक्कस याने यहुद्यांनी मंदिरासाठी जमवलेले सोने जप्त केले. एकट्या अपामिया शहरात ते शंभर रोमी पौंडांना थोडे कमी, म्हणजे सुमारे ३२ किलो भरले. पुढे सम्राट तिबिर्याच्या काळात, इ.स. १९ च्या सुमारास, रोममधल्या फुल्विया नावाच्या प्रतिष्ठित बाईने यरुशलेमेच्या मंदिरासाठी जांभळे वस्त्र आणि सोने चौघा यहुदी माणसांच्या हवाली केले. ते त्यांनीच लाटले. प्रकरण सम्राटापर्यंत गेले आणि रोममधल्या सगळ्या यहुद्यांना शहराबाहेर काढण्यात आले. चौघांच्या लबाडीचा भुर्दंड हजारोंना बसला. आणि वाटेवरचे लुटारू तर पौलाने आपल्या संकटांच्या यादीतच घातले आहेत.

अशा काळात पौलाने बसवलेली व्यवस्था पाहा. पैसे कोण नेणार ते करिंथकरांनी निवडायचे. त्यांना ओळखीची पत्रे देऊन पाठवायचे. आपण जायचे ते योग्य दिसले तरच. तीताबरोबर आणखी दोन बंधू जातात. त्यांतला एक मंडळ्यांनी नेमलेला आहे, म्हणजे पौलाने आपल्या मर्जीतला निवडलेला नाही. शेवटच्या प्रवासात तर कृत्ये २०:४ मध्ये नावांची रांगच आहे: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसियाचे तुखिक आणि त्रफिम. सात जण, निरनिराळ्या मुलखांतले. आपल्या मुलखातले पैसे कुठे गेले, ते परत जाऊन सांगू शकतील अशी माणसे. याचे कारण पौल ८:२०-२१ मध्ये देतो: या मोठ्या रकमेच्या कारभारात कोणी आम्हाला दोष लावू नये, म्हणून प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते आम्ही पाहतो.

‘देव पाहतो आहे, हिशोब कशाला?’ म्हणणाऱ्याला दाखवायचे वचन हेच.

आता प्रत्यक्ष काम. निधीसाठी तीन जण मंडळीच्या सभेत निवडा. पाळक त्यांत नकोत, आणि तिघांपैकी कोणी दोघे एकमेकांचे नातलग नकोत. छोट्या मंडळीत सगळेच पाहुणे असतात हे खरे, पण एका घरातले दोघे तरी टाळता येतात. डबे रिकामे करायच्या रविवारी मोजणी उपासनेनंतर लगेच, तिथेच टेबलावर, किमान दोघांनी करायची. मोजणीच्या कागदावर नोटांप्रमाणे रकाने पाडा: ५०० च्या किती, २०० च्या, १००, ५०, २०, १०, नाणी, प्रत्येकाचा गुणाकार, शेवटी बेरीज आकड्यात आणि अक्षरात, तारीख, दोन सह्या. एक प्रत वहीत, एक पाळकांकडे. खिशातल्या चिठ्ठीवर बेरीज उतरवून ‘घरी जाऊन वहीत घालतो’ म्हणणारा खजिनदार प्रामाणिक असला तरी अडकतो, कारण चिठ्ठी धुण्यात जाते.

रक्कम सोमवारी बँकेत भरा. खाते मंडळीच्या ट्रस्टचे, आणि पैसे काढायला तिघांपैकी दोघांच्या सह्या. क्यूआर कोड लावणार असाल तर तो त्याच खात्याचा असू द्या. पाळकांच्या किंवा सेक्रेटरीच्या मोबाइल नंबरावर वर्गणी घेणे ही आजची सर्वात सर्रास चूक आहे. त्यांच्या किराण्याचे, मुलांच्या फीचे आणि निधीचे व्यवहार एकाच यादीत मिसळतात, आणि नंतर मनात काही नसूनही ते वेगळे करता येत नाहीत.

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी. मंडळी नोंदणीकृत ट्रस्ट नसेल तर सार्वजनिक वर्गणी काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परवानगीची चौकशी करा. ट्रस्टकडे ८० जी (देणगीवरच्या करसवलतीसाठी आयकर खात्याची मान्यता) असेल तर जुनी करपद्धत निवडलेल्या देणाऱ्याला करसवलत मिळते, मात्र २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर ती मिळत नाही. त्यांना चेक किंवा ऑनलाइन द्यायला सांगा. परदेशातल्या नातेवाइकांचे प्रकरण नाजूक असते. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या कमाईतून पाठवतो ते विदेशी अंशदान धरले जात नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली बहीण पाठवते ते धरले जाते, मग ती जन्माने वसईची असो की अहिल्यानगरची. ते घ्यायला एफसीआरए (विदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. ते नसेल तर तिला प्रेमाने नाही म्हणा.

पाळकांचे पैसे वेगळे

पौलाने करिंथात स्वतःसाठी काही घेतले नाही. तिथे तो अक्विल्ल आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे राहून राहुट्या करीत असे. फिलिप्पैकरांची मदत त्याने घेतली आणि ती भरून पावल्याचे पत्रात लिहून कळवले. सेवकाला मोबदल्याचा हक्क आहे हेही त्यानेच ठासून मांडले आहे. पण हक्काचा पैसा आणि गरिबांचा पैसा यांची त्याने सरमिसळ होऊ दिली नाही. तुमच्या निधीतूनही प्रवासखर्च, चहा, बॅनर, पाकिटांची छपाई काही वळते करू नका. ते साधारण फंडातून जाऊ द्या. ६०,००० जमले तर ६०,००० पोचले, एवढे साधे वाक्य अहवालात लिहिता आले पाहिजे.

पोचवताना

पौलाला रोमला आणि तिथून स्पेनला जायचे होते. तरी तो आधी उलट दिशेला, यरुशलेमेला गेला. ग्रीसहून सूरियाला जहाजाने निघायच्या बेतात असताना कट झाल्याचे कळले, म्हणून मासेदोनियावरून लांबचा वळसा घातला. आणि रोमकरांना त्याने प्रार्थना मागितली ती दोन गोष्टींसाठी: यहूदीयातल्या विरोधकांपासून सुटका, आणि यरुशलेमेतल्या पवित्र जनांना ही सेवा मान्य व्हावी. पैसे घेऊन जाणारा माणूस ते स्वीकारले जातील का, अशी काळजी करतो आहे. घेणाऱ्याला मान असतो, आणि देणाऱ्या परराष्ट्रीयांशी यरुशलेमकरांचे सगळे सुरळीत नव्हते.

म्हणून तुमचे दोघे-तिघे प्रतिनिधी जातील तेव्हा रक्कम त्या मंडळीच्या खात्यात आधीच भरलेली असावी. हाती फक्त पत्र. पत्रात रक्कम, तारीख, कशासाठी आणि प्रतिनिधींची नावे. तिथल्या उपासनेत बसा, त्यांच्या घरी जेवा. छपराचे पत्रे कोणाला किती याची यादी त्यांचे पंच करतील, तुम्ही नाही. वाटपाचा फोटो काढू नका. पत्र्याखाली उभ्या केलेल्या विधवेच्या हातात पाकीट आणि शेजारी हसणारे चार पाहुणे, हा फोटो तिच्या नातवंडांच्याही मोबाइलवर जातो. महिन्याभराने पत्र्यांच्या बिलाची प्रत आणि वाटपाची सही केलेली यादी मागवून घ्या.

यरुशलेमेत बंधूंनी पौलाचे आनंदाने स्वागत केले. मग मंदिरात दंगा झाला, त्याला अटक झाली, आणि वर्गणीचे पुढे काय झाले ते कृत्यांचा लेखक लूक लिहीत नाही. रोमी सुभेदार फेलिक्सपुढे उभा असताना पौल एवढेच म्हणतो की मी आपल्या लोकांना दानधर्म आणि अर्पणे घेऊन आलो. फेलिक्सला पौलाकडून लाच मिळण्याची आशा होती, आणि त्यासाठी तो त्याला वारंवार बोलावून घेई. पौल दोन वर्षे कैसरियात अटकेत राहिला, पण लाच दिली नाही.

तुमच्या निधीचा गवगवा झाला की कोणी ना कोणी येतोच: ट्रकमागे काही मागणारा, परवानगीसाठी अडवणारा, किंवा मंडळीतलाच एखादा, ‘आपल्या चर्चचे छप्पर गळतंय, थोडे इकडे वळवा’ म्हणणारा. पहिल्या घोषणेआधी लिहिलेले ते पान अशा वेळी उपयोगी पडते. ते सूचना फलकावर निधी संपेपर्यंत लावून ठेवा, शेजारी दर मोजणीची बेरीज, आणि शेवटी तिकडून आलेली यादी. चर्चच्या छपरासाठी दुसरा निधी काढा, दुसऱ्या पानावर.